कोकणच्या पावसात छोटा जुनिपर: बोन्सायची कुंडी कशी निवडावी

छोट्या जुनिपरसाठी बोन्सायची कुंडी घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चपटा, उथळ ट्रे येतो. फोटोत तो देखणा दिसतोच. पण तो फोटो ज्या हवेतला असतो, तिथे चार-चार महिने झड लागून राहत नाही. आपल्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुनिपर मुळात उघड्यावरचं, खडकाच्या फटींत तग धरणारं झाड. जपानात बोन्सायसाठी नावाजलेला शिंपाकू जुनिपर एकेकाळी डोंगरकड्यांवरून उतरवून आणत. अशा झाडाची मुळं महिनोन् महिने चिंब राहिली की कुजतात. तिथे कुंडीच चुकीची असेल तर वरून केलेली देखभाल फारशी कामाला येत नाही. म्हणून इथे रंगरूपाआधी पाण्याचा विचार केला आहे.

आधी झाड बघा

दुकानात जाण्यापूर्वी घरचं झाड नीट तपासा. पहिलं म्हणजे ते खरंच जुनिपर आहे ना? मोरपंखीची लहान रोपं कधीकधी जुनिपर म्हणून गळ्यात मारली जातात. मोरपंखीची फांदी चपटी असते, सगळी पालवी एकाच पातळीत पसरलेली. जुनिपरची कोवळी फांदी चिमटीत फिरवून बघा, ती सगळीकडून गोल लागते. पानं एकतर बारीक खवल्यांची असतात, नाहीतर टोचणाऱ्या सुयांची. आपल्याकडे बोन्सायसाठी जास्त करून चिनी जुनिपर आणि जमिनीलगत पसरणारा प्रोकम्बन्स नाना मिळतो. दोघांनाही थंडी मानवते आणि कोकणात ती जेमतेमच पडते. म्हणजे इथे हे झाड आधीच थोड्या ताणाखाली जगतं. त्यात मुळांशी पाणी तुंबलं तर ते त्याला झेपत नाही.

दुसरं, झाड बोन्सायच्या कुंडीला तयार आहे का? छोट्या कुंडीत गेलं की झाडाची वाढ मंदावते आणि खोड जाड व्हायचं जवळजवळ थांबतं. खोड अजून पेन्सिलीएवढं असेल आणि तुम्हाला ते अंगठ्याएवढं हवं असेल, तर आत्ता महागडी कुंडी घेऊ नका. भाज्या धुवायची प्लॅस्टिकची रोवळी आणा आणि झाड तीत लावा. चारी बाजूंनी भोकं असल्यामुळे पाणी थांबत नाही आणि मुळांची टोकं हवेला लागून सुकली की मागून बारीक मुळं फुटतात. पावसाळ्यात वाढवायला कोकणात यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित भांडं मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकजण करत नाहीत, आणि मापं चुकतात ती तिथेच. नर्सरीच्या पिशवीत झाड बऱ्याचदा दोन-तीन सेंटिमीटर खोल गाडलेलं असतं. बांबूची काडी घ्या आणि खोडालगतची माती वरून हळूहळू उकरत जा. आधी केसांसारखी बारीक मुळं लागतील, ती बाजूला करा. मग एका ठिकाणी खोड रुंदावतं आणि त्याची दोन-तीन जाड मुळं आडवी निघालेली दिसतात. झाडाचा खरा पाया तो. उंची तिथून शेंड्यापर्यंत मोजायची, जाडीही तिथल्या जरा वर मोजायची. व्हर्नियर नसेल तर दोरा गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. डावी-उजवी पसरण आणि पुढची-मागची पसरण अशी आणखी दोन मापं घ्या. चारही आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण दुकानात गेल्यावर सगळ्याच कुंड्या योग्य वाटायला लागतात.

माप, आणि त्यात कोकणापुरती दुरुस्ती

बोन्सायमध्ये रुळलेला ठोकताळा असा: कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश. झाड उंचीपेक्षा आडवं जास्त पसरलेलं असेल तर उंचीऐवजी पसरण धरायची. रुंदी पुढच्या-मागच्या पसरणीपेक्षा किंचित कमी. खोली खोडाच्या जाडीइतकी.

समजा तुमचा जुनिपर २४ सेंटिमीटर उंच आहे आणि खोड पायाशी अडीच सेंटिमीटर जाड. लांबी आली १६ सेंटिमीटर, रुंदी पसरणीनुसार समजा ११-१२ च्या आसपास. इथपर्यंत ठीक. पण खोली अडीच सेंटिमीटर आली आणि कोकणात खरी अडचण आहे ती याच आकड्यात.

कारण समजून घ्यायचं तर स्वयंपाकघरातला स्पंज घ्या. पाण्यात बुडवून चिंब करा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा धरा. पुन्हा धार लागते. स्पंज तोच आणि पाणीही तेच होतं, फरक फक्त उंचीचा. कुंडीतल्या मातीचंही असंच आहे. सगळं पाणी निथळल्यावरही तळाशी एक थर चिंब राहतोच. त्या थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. तो थर दीड सेंटिमीटरचा असेल तर अडीच सेंटिमीटरच्या कुंडीत निम्म्याहून जास्त मुळं पाण्यात राहतात. पाच सेंटिमीटरच्या कुंडीत तोच थर तळाचा तिसरा हिस्साही व्यापत नाही, वरच्या मुळांना हवा मिळत राहते.

म्हणून कोकणासाठी मी खोली खोडाच्या जाडीच्या दुप्पट धरायला सांगते, आणि खोड कितीही बारीक असलं तरी आतून ४ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. ‘आतून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दुकानात कुंडीची उंची सांगतात ती बाहेरून, पायांसकट. पाय आणि तळाची जाडी वजा केली की पाच सेंटिमीटरच्या कुंडीत माती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर मावते. पट्टी घेऊन जा आणि आतून मोजा.

खोल कुंडी जड दिसेल ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय कुंडीच्या घडणीत शोधा. काठाला बाहेरच्या बाजूने पट्टी असेल, मधून एखादी आडवी रेघ गेलेली असेल किंवा तळाचे कोपरे आत घेतलेले असतील तर पाच सेंटिमीटरची कुंडी डोळ्याला चारची वाटते. सरळ, सपाट भिंतींची कुंडी आहे त्याहून खोल भासते.

खोल कुंडीचा फायदा एप्रिल-मेमध्येही होतो. उथळ ट्रे दुपारपर्यंत कोरडा पडतो आणि कामावर जाणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा पाणी घालणं जमत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. पिशवीतून काढलेल्या जुनिपरची मुळं एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायची नाहीत आणि सगळी माती धुऊन मुळं उघडी करायची नाहीत. पानझडी झाडं हे सोसतात, जुनिपर सोसत नाही. पिशवीतला गोळा १५ सेंटिमीटर खोल असेल तर तो एका दमात ५ सेंटिमीटरवर आणता येत नाही. अशा वेळी आधी ९-१० सेंटिमीटर खोलीची साधी कुंडी घ्या, झाड दोन वर्षं तीत बसू द्या आणि मग शेवटच्या कुंडीकडे या. पहिल्या कुंडीचं माप मुळांवरून, दुसरीचं झाडावरून.

कुंडी उलटी करून बघा

दुकानदार कुंडी समोरून दाखवतो. तुम्ही ती हातात घेऊन पालथी करा.

पाणी जायची भोकं किती आहेत, केवढी आहेत? १५-१६ सेंटिमीटरच्या कुंडीला निदान दोन भोकं हवीत, आणि प्रत्येकात अंगठा सहज नाही तरी करंगळी आरपार गेली पाहिजे. मधोमध एकच भोक असलेली कुंडी बाहेर कुठे चालत असेल, कोकणात ती सोडून द्या. मोठ्या भोकांशिवाय तार ओवायला दोन-चार बारीक भोकं असली तर उत्तम. जुनिपर कुंडीत बांधल्याशिवाय राहत नाही, ते पुढे येईलच.

मग पाय. कुंडी टेकते तिथे तळ आणि जमीन यांत आठ-दहा मिलिमीटर तरी फट हवी. नुसता नावापुरता उंचवटा असेल तर पावसात शेवाळ आणि चिखल साचून भोकं खालून बंद होतात. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, आत मात्र पाणी तुंबलेलं असतं.

आता कुंडी सुलटी करून सपाट टेबलावर ठेवा. डगमगते का बघा. भट्टीत तळ वाकला असेल तर इथे कळतं. दुकानदाराकडे पाणी मागा, पेलाभर ओता आणि निथळू द्या. आत कुठे डबकं राहिलं? कोपऱ्यात राहिलं तर तळ सपाट नाही. भोकाभोवती राहिलं तर भोकाचा काठ वर आलेला आहे. डबकं राहणारी कुंडी कितीही आवडली तरी घेऊ नका. ज्या कोपऱ्यात आज चमचाभर पाणी राहिलं, त्याच कोपऱ्यात जुलैमध्ये मुळं काळी पडतात.

शेवटी बोटाच्या पेरानं कुंडीवर टिचकी मारा. चांगली भाजलेली, अखंड कुंडी खणखणते. बद्द आवाज आला तर ती कच्ची भाजलेली आहे किंवा कुठेतरी न दिसणारी चीर आहे. काठ आत वळलेला असेल तर तीही नको. दोन वर्षांनी झाड बाहेर काढताना मुळांचा गोळा त्या काठात अडकतो आणि मुळं तरी तुटतात, नाहीतर कुंडी फुटते.

आवडलेल्या कुंडीत फक्त भोकंच कमी असतील तर ती घरी वाढवता येतात. फरशीला भोक पाडायचं डायमंड बिट ड्रिलला लावा, हातोडीचा मोड बंद ठेवा, वेग कमी ठेवा आणि पाण्याची बारीक धार सोडत भोक पाडा. पाणी आणि वीज जवळजवळ येतात, म्हणून दुसऱ्याला धार धरायला सांगा आणि ड्रिल कोरडं ठेवा. कच्च्या भाजणीच्या कुंडीवर हा प्रयोग करू नका, तडकते.

कशाची कुंडी?

जुनिपरसाठी परंपरेने झिलई नसलेली कुंडी वापरतात. जपानच्या आइची प्रांतातलं तोकोनामे आणि चीनमधलं यीशिंग ही गावं अशाच तपकिरी, तांबूस, जांभळट मातीच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या कुंड्या उंच तापमानाला भाजलेल्या असतात आणि फारसं पाणी पीत नाहीत. थंड देशांत कुंडी घट्ट भाजलेली असण्याला आणखी एक कारण आहे. भिंतीत मुरलेलं पाणी गोठून फुगलं की कच्ची कुंडी फुटते. कोकणात पाणी गोठायचा प्रश्नच नाही. त्यामुळे परदेशी पुस्तकांतली ही अट आपल्याला लागू होत नाही आणि कुंभाराकडची साधी मातीची कुंडीही चालू शकते.

तिला स्वतःचे गुणदोष आहेत. भिंतीतून पाणी पाझरून उडतं, त्यामुळे उन्हाळ्यात मुळं थंड राहतात, पण माती लवकर वाळते. पावसाळ्यात बाहेरून शेवाळ धरतं. किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असलं तर भिंतीवर पांढरा लोणा फुटतो आणि काही वर्षांत कुंडीचे पापुद्रे सुटायला लागतात. तरीही शिकाऊ झाडासाठी मी हीच कुंडी सुचवीन. जवळ कुंभार असेल तर त्याच्याकडून हव्या त्या मापाची, हवी तेवढी भोकं आणि पाय असलेली कुंडी करून घेता येते. ओल्या मातीत भोक पाडायला त्याला कष्ट नाहीत. त्याला माप सांगताना एक लक्षात ठेवा: माती वाळताना आणि भाजताना आकसते. तयार कुंडी केवढी हवी ते सांगा, ओली केवढी करायची ते त्यालाच ठरवू द्या.

चकचकीत झिलईच्या निळ्या-हिरव्या कुंड्या फुलाफळांच्या झाडांना शोभतात. घेतलीच तर आतली बाजू झिलईविना आहे ना ते पाहा. आतूनही गुळगुळीत असेल तर मुळांना धरायला काही मिळत नाही. सिमेंटची कुंडी छोट्या झाडाला जाडजूड दिसते आणि नवी असताना चुना सोडते, ती वगळलेली बरी.

आकार आणि रंग

हा भाग आवडीचा आहे, म्हणून थोडक्यात. ताठ उभ्या खोडाला कोन असलेली आयताकृती कुंडी. वळणावळणाच्या खोडाला, आणि बहुतेक छोटे जुनिपर असेच असतात, लंबगोल किंवा कोपरे गोल केलेली आयताकृती. उंच, सडपातळ, मोजक्या फांद्यांच्या झाडाला लहान गोल कुंडी. एका बाजूला झुकलेल्या किंवा काठावरून खाली उतरणाऱ्या झाडाला चौकोनी किंवा षटकोनी खोल कुंडी. या शेवटच्या प्रकारात रूप आणि निचरा दोन्ही एकदम साधतात. म्हणून कोकणात पहिल्यांदाच जुनिपर करणाऱ्याने अर्धझुकत्या, म्हणजे काठावरून थोडंच खाली उतरणाऱ्या शैलीचा विचार जरूर करावा.

रंग खोडाशी जुळवा. जुनिपरची साल तांबूस-तपकिरी असते, तिला गडद तपकिरी, विटकरी किंवा राखाडी कुंडी साजते. निळसर पानांच्या जातीला राखाडी जास्त खुलते. गडद कुंडी उन्हात तापते मात्र, त्यामुळे मे महिन्यात ती जांभ्याच्या गडग्यावर थेट ठेवू नका. खाली लाकडी फळी द्या आणि दुपारच्या उन्हाच्या बाजूला झापाचा तुकडा उभा करा. सावली कुंडीला हवी, झाडाला ऊन लागू द्या. जुनिपर घरात ठेवायचं झाड नाही.

लावताना

कोकणात मी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंतचा काळ निवडते. हवा त्यातल्या त्यात थंड असते आणि उन्हाळा तापायच्या आत मुळांना सावरायला दोन-तीन महिने मिळतात. ऐन पावसात कापलेली मुळं कुजायचा धोका असतो, मेमध्ये झाड तहानेनं जातं.

भोकांवर दोन-तीन मिलिमीटरची जाळी बसवा. डासांची जाळी फार बारीक, ती गाळानं बुजते. तळाशी खापराचे तुकडे किंवा मोठे खडे घालायची आपल्याकडे सवय आहे, छोट्या कुंडीत ती सोडा. खड्यांनी पाणी लवकर जात नाही. चिंब थर फक्त खड्यांच्या वर सरकतो आणि मोठ्या कष्टानं मिळवलेली एक-दीड सेंटिमीटर खोली वाया जाते. त्यापेक्षा वरपासून खालपर्यंत एकच भरड मिश्रण भरा.

मिश्रणासाठी जांभ्याची खडी हाताशी आहेच. ३ ते ६ मिलिमीटरचे कण चाळून घ्या आणि त्याखालची भुकटी टाकून द्या. मूठभर खडी रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी चिमटीत दाबा. चिखल झाला तर तो जांभा मऊ आहे, दुसरा शोधा. त्यात नीट भाजलेल्या विटेचे त्याच मापाचे तुकडे आणि थोडा कोळसा घाला. कुजलेल्या पानांचं खत दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. समुद्राची वाळू अजिबात नको, कितीही धुतली तरी तिच्या खारटपणाची खात्री देता येत नाही.

झाड बसवल्यावर ते तारेनं कुंडीला बांधा. तार तळातून वर काढा, जाड मुळांवरून न्या आणि पक्कडीनं पीळ द्या. तारेखाली रबराचा तुकडा ठेवला तर साल कापत नाही. हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळं रोज तुटतात आणि किनाऱ्यावर वारा रोजचाच आहे. कुंडीही मांडणीला बांधायची सोय हवी. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते ३ जून २०२० ला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. आगोटीच्या कामांच्या यादीत कुंड्या बांधून घेणं हेही एक काम असू द्या. खोल, अरुंद कुंडीतलं झुकतं झाड सगळ्यात आधी कलंडतं. तिच्या तळात मिश्रण भरायच्या आधी एक चपटा जड दगड भोकं सोडून ठेवता येतो.

पहिल्या पावसाळ्यात कुंडी जमिनीवर ठेवू नका. भोकांतून गांडुळं वर चढतात आणि चांगल्या भरड मिश्रणाचा काला करतात. चिऱ्यांवर किंवा मांडणीवर ठेवा, पण कौलांच्या पागोळ्यांखाली नाही. त्या धारेनं वरची माती उडून मुळं उघडी पडतात. झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली दोन बोटं जाडीचा लाकडाचा ठोकळा सरकवा. कुंडी तिरपी झाली की मातीचा स्तंभ उंच होतो आणि स्पंजातून निघालं तसं जास्तीचं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या भोकातून निघून जातं. त्या बाजूला भोक आहे ना, एवढं बघून ठोकळा लावा. उघडीप मिळाली की काढून घ्या.

आणि पानांच्या रंगावर विसंबू नका. मेलेला जुनिपर आठवडेच्या आठवडे हिरवा राहतो. दर पंधरा दिवसांनी काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढा आणि वास घ्या. मातीचा वास आला तर ठीक. आंबूस वास आला तर कुंडी त्याच दिवशी पावसाच्या आडोशाला, उजेडात न्या. भोकं खालून मोकळी करा आणि काडीचं टोक कोरडं निघेपर्यंत पाणी देऊ नका.